वाचले की पुसले जाते : डेटा लॉगरमधली रीडिंग दुरून बाहेर काढण्याचे एक प्रकरण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चाचणी प्रयोगशाळेत रबरी गॅस्केटची उष्णता-चाचणी चालू होती. १०५ अंश सेल्सिअसवर सलग ९६ तास. ओव्हनच्या आत वीस ठिकाणी के-प्रकारची थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावलेली आणि ती सगळी एका ३४९७०-ए डेटा लॉगरला, म्हणजे रीडिंग घेऊन साठवणाऱ्या यंत्राला, जोडलेली. दर मिनिटाला एक स्कॅन, एका स्कॅनमध्ये वीस रीडिंग. मंगळवारी सकाळी दहाला चाचणी सुरू झाली, शनिवारी सकाळी दहाला संपायची होती. ग्राहकाला प्रत्येक मिनिटाची नोंद हवी होती आणि तसे कामाच्या करारात लिहिलेलेही होते.

शुक्रवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास प्रयोगशाळेच्या टेक्निशियनचा मला फोन आला. मी नाशिकला होतो. "सर, ओव्हन चालू आहे, लॉगर चालू आहे, पण फाइल काल सकाळी नऊलाच थांबलीय. पीसीला लॉगिन करून स्क्रिप्ट परत चालू करू का?"

त्यांना मी तेवढ्यावरच थांबवले. पीसीला हात लावायचा नाही, लॉगरच्या पुढच्या पट्टीवरचे एकही बटण दाबायचे नाही, दहा मिनिटांनी मी फोन करतो, असे सांगितले. त्या क्षणी जवळजवळ दीड दिवसाची मोजमापे फक्त एकाच जागी होती, लॉगरच्या मेमरीत. आणि ती पुसायला एक लॉगिन पुरेसे होते.

हा लॉगर आपल्याकडच्या प्रयोगशाळांना नवा नाही. ह्यूलेट-पॅकार्डने १९९० च्या दशकात आणला, १९९९ मध्ये तो विभाग अजिलंट झाला आणि २०१४ मध्ये कीसाइट. पाट्या बदलल्या, कमांड त्याच राहिल्या, म्हणून वीस-पंचवीस वर्षे जुनी यंत्रेही अजून बिनतक्रार चालतात. मागे कार्डांसाठी तीन खाचा आहेत. इथे एकीत वीस चॅनेलचे मल्टिप्लेक्सर कार्ड होते, म्हणजे वीस थर्मोकपल एकामागून एक निवडणारे कार्ड. आत ५०,००० रीडिंग वेळेसकट मावतात आणि त्या मेमरीला बॅटरीचा आधार आहे, त्यामुळे वीज गेली तरी मजकूर जात नाही. जागा भरली की यंत्र थांबत नाही. सर्वांत जुने रीडिंग पुसून त्या जागी नवे लिहीत जाते. असे पुसणे सुरू झाले की पुढच्या डिस्प्लेवर 'मेम' ही छोटी अक्षरे उजळतात.

९६ तासांची एकूण रीडिंग होतात १,१५,२००, म्हणजे मेमरीच्या दुपटीहून जास्त. म्हणून पीसीवरची पायथनची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी आरएस-२३२ केबलवरून साठलेली रीडिंग उचलायची आणि फाइलमध्ये लिहायची. ती बरीच आधी कुणीतरी लिहिलेली होती आणि वर्षानुवर्षे नीट चालली होती.

गुरुवार हा भोसरीचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. त्या दिवशी वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, हे तिथल्या प्रत्येक कारखान्याला ठाऊक असते आणि त्याची सोय केलेली असते. इथेही होती. ओव्हनसाठी डीजी सेट (डिझेल जनरेटर), लॉगरसाठी यूपीएस. पीसी मात्र भिंतीवरच्या साध्या बोर्डावर होता. वीज गेली तसा तो बंद पडला, वीज आल्यावर आपोआप चालू झाला आणि लॉगिनच्या पडद्यावर येऊन थांबला. सुट्टी असल्यामुळे कुणी पाहिले नाही. शुक्रवारी दुपारी दिवसाचा आलेख काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आले.

दहा मिनिटांत मी कागदावर एकच हिशोब केला. मिनिटाला वीस रीडिंग, म्हणजे ५०,००० ची मेमरी भरायला २,५०० मिनिटे, ४१ तास ४० मिनिटे. स्क्रिप्टने शेवटची उचल गुरुवारी ९ वाजून १० मिनिटांनी केली असेल, तर मेमरी शनिवारी पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी भरणार आणि २:५१ पासून गुरुवारची रीडिंग पुसली जाऊ लागणार. म्हणजे हाताशी साडेदहा-अकरा तास होते. अगदीच अडले तर गाडी काढून रात्री भोसरी गाठता आली असती. अशा प्रसंगी सगळ्यांत आधी हेच काढावे असे मला वाटते : नुकसान नेमके कधी सुरू होणार? ते कळले की हात थरथरायचे थांबतात, आणि बरीचशी मोजमापे थरथरत्या हातांनीच गेलेली मी पाहिली आहेत.

दुसऱ्या फोनवर मी स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळी वाचून दाखवायला सांगितल्या. एक छापील प्रत फाइलला लावलेली होती, म्हणून पीसी उघडावा लागला नाही. जे वाटले होते तेच निघाले. पहिली कमांड स्टार-आरएसटी, म्हणजे यंत्र कारखान्यातून आले त्या अवस्थेत नेणे. दुसरी स्टार-सीएलएस, म्हणजे स्थितीच्या आणि चुकांच्या नोंदी साफ करणे. मग चॅनेलची मांडणी आणि शेवटी 'इनिशिएट', नवा स्कॅन सुरू. (इथे स्कॅन म्हणजे मिनिटाची एक फेरी नव्हे, अशा फेऱ्यांची सगळी मालिका.)

ही सुरुवात जवळपास प्रत्येक नमुना-प्रोग्रॅममध्ये असते आणि रिकाम्या यंत्रासाठी ती योग्यही आहे. पण या लॉगरमध्ये स्टार-आरएसटी मेमरीतली सगळी रीडिंग पुसते. 'इनिशिएट'ही पुसते, कारण मेमरीत नेहमी शेवटच्या स्कॅनचाच मजकूर राहावा अशी त्याची रचना आहे. स्क्रिप्ट परत चालू केली असती तर दीड दिवस एका सेकंदात गेला असता.

त्याहून वाईट गोष्ट टेक्निशियनने सहज बोलता बोलता सांगितली. पीसी चालू केला की स्क्रिप्ट आपोआप सुरू व्हावी म्हणून तिचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकलेला होता. लॉगिन झाले नव्हते म्हणून ती सुरू झाली नव्हती. कुणी पासवर्ड टाकला असता तर, अगदी मी दुरून रिमोट डेस्कटॉपने आत गेलो असतो तरी, ती आपली आपण चालली असती.

म्हणून पहिले काम स्क्रू-ड्रायव्हरचे. पीसीच्या पाठीमागची आरएस-२३२ ची केबल, तिचे दोन्ही स्क्रू सोडवून, काढून ठेवायला सांगितली. लॉगरच्या बाजूचे टोक तसेच. केबल निघाल्याने चालू स्कॅनला काही होत नाही. लॉगरला विचारणारा कुणी उरत नाही, एवढेच. मग पीसी बंद करून यूपीएसच्या बोर्डावर घेतला, चालू केला, लॉगिन केले. ठरल्याप्रमाणे स्क्रिप्ट उघडली, तिने समोर कुणी नसलेल्या पोर्टवर कमांड पाठवल्या आणि उत्तर न मिळाल्याची चूक दाखवून ती बंद पडली. शॉर्टकट स्टार्टअपमधून काढला, फाइलचे नाव बदलले, त्यानंतरच केबल परत लावली. तोवर टेक्निशियनने लॉगरसमोर उभे राहून डिस्प्ले वाचून दाखवला होता : स्कॅन चालू आहे, 'मेम' दिसत नाही.

आता मी रिमोट डेस्कटॉपने आत होतो. इथे दोन रस्ते दिसत होते. एक, लॉगरचा सिरियल पोर्ट नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपपर्यंत आणायचा आणि नाशिकहून वाचायचे. दुसरा, वाचन भोसरीच्या पीसीवरच करायचे आणि मी फक्त बघायचे. मी दुसरा निवडला. माझे इंटरनेट मध्येच गेले तरी रिमोट डेस्कटॉपचा पडदा जातो, तिकडचा प्रोग्रॅम चालूच राहतो. पहिल्या रस्त्यात मधला प्रत्येक तुटणारा दुवा डेटाच्या वाटेत येतो. यंत्र आणि पहिली प्रत यांच्यामध्ये दीड मीटर केबलखेरीज काही नसावे, या मताचा मी आहे.

सुरुवात निव्वळ प्रश्नांनी केली. साध्या टर्मिनलवरून, ५७,६०० बॉडवर (बॉड म्हणजे केबलवरून मजकूर जाण्याचा वेग), एकेक ओळ हाताने टाइप करून. स्टार-आयडीएन : तू कोण? यंत्राने नाव सांगितले. मेमरीत किती रीडिंग आहेत? ३७,४००. स्कॅन चालू आहे का? यंत्राची स्थिती आकड्यात सांगणाऱ्या ऑपरेशन रजिस्टरच्या कंडिशनने १६ परत दिले, म्हणजे चालू आहे. स्कॅन कधी सुरू झाला? मंगळवार, सकाळी १०. तुझ्या घड्याळात आता किती वाजले? शुक्रवार, ४ वाजून २० मिनिटे. पीसीच्या घड्याळापेक्षा दोन मिनिटे पुढे. हे सगळे वहीत लिहून घेतले.

३७,४०० भागिले २० म्हणजे १,८७० स्कॅन. शुक्रवार ४:२० पासून मागे मोजले तर पहिले रीडिंग गुरुवारी ९:११ चे येते. म्हणजे शेवटची उचल ९:१० ची, हा अंदाज बरोबर होता आणि पहाटे २:५० ची वेळही.

प्रश्नांमध्येही निरुपद्रवी आणि उपद्रवी असा भेद आहे. स्थिती दाखवणारी रजिस्टर दोन प्रकारची असतात : कंडिशन रजिस्टर कितीही वेळा वाचा, तसेच राहते, इव्हेंट रजिस्टर वाचले की शून्य होते. चुकांची रांगही अशीच, विचारली की त्यातली एक चूक बाहेर येते आणि रांगेतून जाते. म्हणून मी कंडिशनच विचारले आणि चुकांची रांग सगळे काम संपेपर्यंत उघडली नाही.

खरा पेच यानंतर होता. साठलेली रीडिंग मागायच्या दोन तऱ्हा आहेत. 'फेच' कमांड रीडिंगची प्रत देते. मेमरीतले तसेच राहते, हवे तितक्या वेळा परत मागता येते. 'आर' कमांड रीडिंग देते आणि दिलेली पुसते. कुणीही म्हणेल, मग 'फेच'च वापरा. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम फोनवर तेच म्हणाल्या : "सर, आधी प्रत घेऊन ठेवू या ना."

पण 'फेच' चालू स्कॅन संपण्याची वाट बघते, आणि हा स्कॅन तर अखंड चालण्यासाठी लावलेला होता. उत्तर येणारच नव्हते. 'फेच' वापरायची तर 'अबॉर्ट' देऊन स्कॅन थांबवावा लागला असता. थांबवलेला स्कॅन जिथल्या तिथून पुढे नेता येत नाही, नवा सुरू करावा लागतो आणि नवा सुरू केला की मेमरी रिकामी होते. म्हणजे आधी थांबवणे, मग सगळी प्रत काढणे, ती तपासणे आणि मग नवा स्कॅन. तेवढ्या वेळाची नोंद कुठेच राहिली नसती आणि ९६ तासांची सलग चाचणी कागदावर दोन तुकड्यांत दिसली असती. काहीच न करता शनिवारी दहापर्यंत थांबणे हा तिसरा पर्याय. त्यात गुरुवारी ९:११ ते दुपारी ४:२० ची ८,६०० रीडिंग पुसली गेली असती, आणि गुरुवार सकाळच्या त्याच तासाभरात वीज गेली होती. ओव्हनचे तापमान तेव्हा किती खाली आले हा अहवालातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा ठरणार होता.

राहिली 'आर'. ती स्कॅनला धक्का लावत नाही, त्या क्षणी मेमरीत जे आहे ते देते. धोका एवढाच की दिलेले ती विसरते. वाटेत काही सांडले तर परत मागता येत नाही.

हा धोका किती मोठा ठेवायचा ते मात्र आपल्या हातात असते, कारण 'आर'ला एका वेळी किती रीडिंग द्यायची ते सांगता येते. न सांगता नुसती 'आर' पाठवली असती तर सगळी ३७,४०० एकदम निघाली असती. एक रीडिंग वेळ, चॅनेल आणि अलार्मसकट सुमारे ४८ अक्षरांचे. एकूण जवळपास १८ लाख अक्षरे, ५७,६०० बॉडला सेकंदाला ५,७६० या वेगाने पाच मिनिटांहून थोडी जास्त. ९,६०० बॉड असता तर अर्धा तास. आणि यंत्रांशी बोलायच्या पायव्हिसा या नेहमीच्या पायथन लायब्ररीचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, बदलला नाही तर दोन सेकंद असतो. दोन सेकंदांनी प्रोग्रॅम कंटाळून निघून जातो, यंत्र मात्र बोलतच असते आणि ऐकणारा कुणी नसतो.

म्हणून एका वेळी २०, फक्त एक स्कॅन. त्याला सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा वेळ लागतो. काही बिघडलेच तर एका मिनिटाची नोंद जाणार, त्याहून जास्त नाही.

'आर'चा आणखी एक गुण इथे उपयोगी पडला. तिच्या उत्तराच्या तोंडाशी लांबी लिहिलेली असते. पहिल्या उत्तराची सुरुवात होती '#३९५९'. '#' या चिन्हानंतरचा ३ सांगतो की पुढचे तीन अंक लांबीचे आहेत, आणि ९५९ म्हणजे त्यानंतर नेमकी ९५९ अक्षरे येणार. वीस रीडिंग गुणिले ४८, वजा शेवटचा स्वल्पविराम : बरोबर ९५९. उत्तर पूर्ण आले की अर्धवट, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. दुसरी तपासणी स्वल्पविरामांची. प्रत्येक रीडिंगमध्ये नऊ भाग असतात : एककासह तापमान, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, चॅनेल, अलार्म. वीस रीडिंगचे १८० भाग व्हायलाच हवेत. तिसरी, चॅनेल १०१ ते १२० ओळीने आलेच पाहिजेत.

लहानसा प्रोग्रॅम तिथेच लिहिला. एक विनंती, लांबीएवढी अक्षरे येईपर्यंत थांबणे, आलेली अक्षरे जशीच्या तशी, काहीही न सोडवता, फाइलमध्ये लिहिणे, ती खरोखर डिस्कवर गेली याची खात्री ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेणे, आणि मगच तिन्ही तपासण्या. एखादी जरी चुकली तरी पुढची विनंती न करता थांबायचे. आकडे सुटे करणे, तारखा जुळवणे, आलेख, ही कामे नंतरची. कच्ची अक्षरे हातात असली की ती कितीही वेळा करता येतात. पहिली विनंती हाताने केली, उत्तर डोळ्यांनी वाचले : गुरुवार, ९ वाजून ११ मिनिटे, चॅनेल १०१, १०४.८७ अंश. मग प्रोग्रॅम सोडला. रीडिंगची शिल्लक खाली येत गेली आणि शून्यावर आली. त्यानंतर तोच प्रोग्रॅम दर मिनिटाला एक स्कॅन उचलत शनिवारी सकाळपर्यंत चालला. रात्री टेक्निशियनने प्रयोगशाळेतच मुक्काम केला. कुणी सांगितले नव्हते, पण त्यांना राहवले नाही.

गुरुवारचा खळगा मिळाला. यंत्राच्या घड्याळाने ९:१४ ला वीज गेली. डीजी सेटच्या नोंदवहीत ९:१२ लिहिलेले. दोन मिनिटांचा फरक आम्ही आधीच टिपला होता, म्हणून कोडे पडले नाही. ओव्हनच्या दाराजवळच्या थर्मोकपलने १०३.४ अंशांपर्यंतची घसरण दाखवली, मधल्या थर्मोकपलना ती जेमतेम जाणवली आणि काही मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. चाचणीच्या दोन अंशांच्या मर्यादेत ते बसले.

मात्र एक फट राहिलीच. जुन्या फाइलची शेवटची ओळ मध्येच तुटलेली होती आणि तिच्या आधीचा शेवटचा पूर्ण स्कॅन ९:०३ चा होता. लॉगरमधला पहिला ९:११ चा. मधले सात स्कॅन, १४० रीडिंग, दोन्हीकडे नव्हती. ९:०५ आणि ९:१० च्या उचलींत 'आर'ने ती लॉगरमधून काढली, स्क्रिप्टने फाइलमध्ये 'लिहिली', पण पायथन लिहायचा मजकूर काही हजार अक्षरे साठेपर्यंत स्वतःजवळ ठेवते. वीज गेली तेव्हा ती सात मिनिटे पीसीच्या मेमरीत होती, डिस्कवर नव्हती. यंत्राने दिली होती आणि कागदाला मिळाली नव्हती.

प्रयोगशाळेत कुणीतरी सुचवले की ९:०३ आणि ९:११ ची सरासरी घालून ती जागा भरू, तापमान तर स्थिरच होते. मी साफ नाही म्हटले, आणि मॅडमनी मला साथ दिली याचा मला आनंद आहे. आयएसओ/आयईसी १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत डेटाच्या नियंत्रणावर ७.११ हे स्वतंत्र कलम आहे. प्रणाली बिघडली तर तो बिघाड आणि त्यावर केलेली कारवाई नोंदवावी, असे ते सांगते. अहवालात त्या सात ओळींसमोर 'नोंद उपलब्ध नाही' असे लिहिले आणि खाली कारण दिले. घड्याळाचा फरकही तिथेच नमूद केला. सात मिनिटे नाहीत हे सांगितल्यामुळे बाकीच्या मिनिटांवर विश्वास ठेवायला ग्राहकाला आधार मिळतो.

दुसऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी हा पेच आपापल्या मॅन्युअलमध्ये शोधून ठेवावा. ३४४०१-ए मल्टिमीटरमध्ये ५१२ रीडिंग मावतात, कीथली कंपनीच्या २४०० या मापनयंत्रात २,५००. आकडे वेगळे, कमांडची नावे वेगळी, पण तीन प्रश्न तेच : वाचल्यावर मजकूर राहतो का, चालू मोजणीत वाचता येते का, आणि कोणत्या कमांडने सगळे जाते? याची उत्तरे यंत्रावर चिकटवलेल्या कागदावर असावीत. भोसरीच्या लॉगरवर आता तसा कागद आहे.

स्क्रिप्ट नव्याने लिहिली. ती आता आधी विचारते. स्कॅन चालू असेल किंवा मेमरीत एकही रीडिंग असेल तर रीसेटच्या वाटेला जातच नाही. साठलेले वीस-वीसने उचलते आणि चालू चाचणीत सामील होते. नवी चाचणी सुरू करायची तर माणसाने तसे सांगावे लागते. उचल पाच मिनिटांऐवजी दर मिनिटाला होते आणि प्रत्येक उचल डिस्कवर पोचल्याशिवाय पुढची होत नाही. लॉगरमध्ये रीडिंगची एक मर्यादा ठरवून देता येते, ती ओलांडली की रजिस्टरमध्ये खूण उठते. ती २,००० वर ठेवली. दुसरा एक छोटा संगणक मुख्य फाइलवर नजर ठेवतो आणि दहा मिनिटांत नवी ओळ आली नाही तर टेक्निशियन आणि मॅडम दोघांना संदेश पाठवतो. पीसी यूपीएसवर आहेच.

पुढच्या चाचणीआधी आम्ही रिकाम्या ओव्हनवर स्कॅन लावला आणि पीसीचा प्लग मुद्दाम ओढला. दोन तासांनी लावला, लॉगिन केले, स्क्रिप्टला आपोआप उठू दिले. तिने मागची १२० मिनिटे उचलली, एकही स्कॅन गाळला नाही. परत केले तेव्हा प्लग नेमका उचल चालू असताना निघाला आणि एक स्कॅन गेला. 'आर' वापरायची तर ही एका मिनिटाची जोखीम उरतेच, स्क्रिप्टने ती मिटत नाही. ती मिटवायची तर रीडिंगची दुसरी प्रत यंत्रानेच ठेवायला हवी. ३४९७२-ए या याच घराण्यातल्या लॉगरला लॅन आहे आणि यूएसबी पेनड्राइव्हवर थेट नोंद करायची सोय आहे. कार्डे तीच चालतात. त्याची मागणी मॅडमनी खरेदी विभागाकडे पाठवली आहे, सोबत सात कोऱ्या ओळींचे ते पान जोडून.